नासलेल्या दुधाचे कारण

आपल्या लग्नाच्या चौथ्या दिवसापासून या घरात दूध तापवले की नासते.

सासूबाईंनी तो माझा पायगुण ठरवला. "हिचा पाय लागला नि दूध फाटाय लागलं," असे त्या शेजारच्या जाईबाईंना सांगत होत्या, तेव्हा तुम्ही वर्तमानपत्र वाचत होतात. धम्म स्वीकारल्यावर या घराने देव्हारा काढला. पायगुण तेवढा ठेवला. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यात सर्वांच्या वर चढणारा तुमचा आवाज त्या दिवशी निघाला नाही.

काल मी महादेव दूधवाल्याच्या कॅनमधूनच दूध घेतले आणि मी काम करते त्या प्रयोगशाळेत तपासले. आपल्या उंबऱ्यात येण्यापूर्वीच ते आंबलेले होते. त्याला विचारले, तर म्हणाला, "बाई, आमच्याकडची रेल्वे महिनाभर बंद हाय. रूळ बदलतायत. दूध लॉरीनं येतं, दुपारपर्यंत उन्हात तापतं." लाइन बंद झाल्याची तारीख त्याने सांगितली. ती आपल्या लग्नानंतरच्या चौथ्या दिवसाची आहे.

मी दादरला माहेरी जात आहे. भात झाकून ठेवला आहे. ही चिठ्ठी सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवावी.

दूध रेल्वे बंद असल्यामुळे नासते. मी जाते आहे ती तुम्ही गप्प बसलात म्हणून.

बकुळा