निळ्या कागदावरचे ठिपके

३ फेब्रु. १९८३, भुईगाव
गाठ आहे तिथेच. डावा स्तन, काखेच्या बाजूला, वाटाण्याएवढी. आज हिरूबाईला दाखवली. आई गेल्यापासून या घरात माणूस म्हणून तीच येते, तीही पानवेलींची पानं खुडायला. म्हणाली, "हलद-चुन्याचा लेप घाल बाय, इरून जाईल. कोनाला सांगू नको."
सांगायला आहे कोण!

८ फेब्रु.
पाच दिवस लेप. चुना भाजतो. गाठ जशीच्या तशी. उद्या मुंबईला, मोठ्या इस्पितळात. शाळेत रजेच्या अर्जात 'घरगुती काम' लिहिलं. गोखिवऱ्याला राहणाऱ्या दादाला कळवलं नाही. वहिनी रडेल, मग तिचीच समजूत घालत बसायचं.

९ फेब्रु.
नव्या तऱ्हेचा एक्स-रे. फिल्मवर नाही, कागदावर निळा उमटतो. यंत्रावरच्या बाई तरुण, घाईत. "हे लाल कसलं? काही लावलंय का?" लेपाचा डाग. मी चटकन, "छे, घामोळं."
फेब्रुवारीत घामोळं! माझ्या वर्गात कुणा मुलीने अशी थाप मारली असती तर बाकावर उभी केली असती.
छाती यंत्राच्या पट्टीखाली दाबली. दुखलं. मग बाईंनी खांदा धरून नीट केला आणि डोळ्यांत पाणी आलं, दुखण्याने नव्हे. किती दिवसांत कुणाचा हात लागला नव्हता.

१६ फेब्रु.
गाठ साधी वाटते म्हणाले डॉक्टर. पण भोवती गडद बारीक ठिपके. "चुन्याचे कण. शरीरात साठतात कधी कधी. कधी ती कॅन्सरची खूण असते."
चुना म्हटल्याबरोबर कानशिलं तापली. अहो, तो माझ्या लेपाचा असेल... अगदी ओठांवर आलं होतं. ऑपरेशन करून ठिपक्यांचा भाग काढू म्हणाले. सोबत कोणी आहे का, विचारलं. नाही.

१९ फेब्रु.
सांगितलं नाही तर उगाच कापतील. सांगितलं तर हसतील. हसलेलं परवडलं.

२१ फेब्रु.
सांगितलं. डॉक्टर हसले नाहीत, रागावले. चांगलेच. खरं सांगायचं तर बरं वाटलं, घरात रागवायलाही कुणी नाही. परवा पुन्हा एक्स-रे, स्वच्छ धुऊन यायचं.

२३ फेब्रु.
निघण्यापूर्वी दोनदा आंघोळ. घासून घासून कातडी सोलवटली. इस्पितळात त्या बाईंनी पुन्हा ओल्या कापसाने पुसून घेतलं.
डॉक्टरांनी दोन्ही निळे कागद शेजारी ठेवले. जुन्यावर ठिपकेच ठिपके, नव्यावर बहुतेक गायब. मला हसूच आवरेना. "बघा, म्हटलं नव्हतं, माझाच चुना!"
त्यांनी भिंग घेतलं. नव्या कागदावर खालच्या बाजूला पाच-सहा राहिलेत, एकाला एक चिकटून. "हे आतले आहेत. काढून तपासायला हवेत."
मी म्हटलं, "इथे नळ कुठे आहे? अजून एकदा धुऊन येते."
या वेळी रागावले नाहीत. खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाले, बसा.