माझ्या आवाजाची वाटणी

मी, चांगुणा रामकिशन सोनकांबळे, वय तेहतीस, राहणार अहमदपूर, जिल्हा लातूर, धंदा स्वतः गाणी लिहून, स्वतः चाली लावून, स्वतःच गिटार गळ्यात अडकवून गाणे, हे मृत्युपत्र अक्कल ठिकाणावर ठेवून करते. माझ्यावर कुणाची जोरजबरदस्ती नाही. उद्या सकाळी नांदेडच्या दवाखान्यात माझ्या गळ्यातली गाठ काढणार आहेत, तेवढीच काय ती घाई.

आवाजाची शीर त्या गाठीला चिकटलेली आहे. डॉक्टर म्हणाले, "जिवाला धोका नाही, आवाजाचं सांगता येत नाही." जीव आणि आवाज दोन वेगळ्या घरांत राहत असल्यासारखं बोलले! म्हणून हे मृत्युपत्र मुख्यतः माझ्या आवाजाचं आहे. वकील गुरुबसप्पांचं म्हणणं, असं कायद्यात बसत नाही. मग त्यांच्या समाधानासाठी लिहिते की, मी पूर्ण मेले तरी हेच लागू.

कलम एक. घर भाड्याचं आहे, त्यामुळे भांडण नाही. ज्या साली लातूर जिल्हा वेगळा झाला त्याच साली माझा जन्म. बाबा हयात असेपर्यंत सांगायचे, "सरकारला जिल्हा झाला, आपल्याला पोरगी. जिल्हा तरी रात्री झोपू देतो."

कलम दोन. काळी इलेक्ट्रिक गिटार आणि तिचा स्पीकर वीरण्णाला द्यावा. वीरण्णा देगलूरचा, आमच्या बँडचा ड्रमवाला. घरी तेलुगू बोलतो, सासुरवाडीत कन्नड आणि चिडला की मराठी. आमचं पहिलं गाणं आम्ही त्याच्या खोलीत भिंतींना गोधड्या टांगून रेकॉर्ड केलं. मे महिना, पंखा बंद, कारण पंख्याचा आवाज येत होता. घामानं दोघं निथळलो, पण गाणं झकास झालं. गिटार त्यानं वाजवू नये, त्याला येत नाही. नुसती पुसून ठेवावी.

कलम तीन. ऑर्केस्ट्रावाले आप्पासाहेब यांना छदामही देऊ नये. दहावीच्या सुट्टीत मी त्यांच्याकडे गायला गेले, तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाले, "हा पोरीचा गळा हाय का रिकामी घागर?" आता त्यांच्या प्रत्येक वरातीत पाण्याच्या टँकरवर मी रचलेलं गाणं वाजतं आणि माइकवर सांगतात काय, तर "पारंपरिक गीत"! अहो, पारंपरिक व्हायला मी काय जात्यावर बसले होते? त्यांना एवढंच बंधन की इथून पुढं गाण्याआधी म्हणावं, "हे चांगुणाचं आहे." तेवढं केलं तर माझा राग मिटला.

कलम चार. मोबाइलच्या दुकानांत माझी गाणी मेमरी कार्डात फुकट भरून देणाऱ्या सगळ्या पोरांना माफ. त्यांच्यामुळेच मी निलंग्यापर्यंत पोचले. मुंबईच्या एका कंपनीला मात्र माफ नाही. गाणी छान आहेत म्हणाले, फक्त त्यातलं 'लई' आणि 'करून राहिले' काढा. ते काढल्यावर माझ्यात राहतं काय? मी फोन ठेवला आणि तेव्हापासून माझी मालकीण मीच. यंदा दुष्काळात लातूरला रेल्वेनं पाणी येतंय आणि मी एका हळदीत गाऊन मानधन म्हणून टँकर घेतला. गल्लीतल्या बाया रांगेत घागरी वाजवत नाचल्या. असलं मानधन कुठल्या कंपनीनं दिलं असतं?

कलम पाच. माझी सगळी गाणी, झालेली आणि अर्धी, माझी माय धुरपताबाई हिच्या नावे.

माय दर पौर्णिमेला विहारात गाते. तिचा आवाज एसटी स्टँडवर ऐकू येतो. माझ्या गाण्यांना ती "डबडं बडवून राहिली" म्हणते. पण मागच्या उन्हाळ्यात ती भाकरी थापताना माझंच गाणं गुणगुणत होती आणि दुसऱ्या कडव्याची चाल तिनं परस्पर बदलली होती. माझ्यापेक्षा लई भारी होती. मी दाराआड उभी राहून रडले. तेव्हा आवाज गेला तर तिनं वीरण्णासोबत स्टेजवर उभं राहून गावं.

खरं सांगते, मला भीती वाटते. मरणाची नाही. सकाळी डोळे उघडून "माय" म्हणावं आणि नुसता वारा निघावा, याची.

खुलासा. कलम पाच खोडलेलं आहे, ते असं. हे सगळं वाचून दाखवल्यावर वकील म्हणाले, ज्याला काही मिळतं त्याची साक्ष घेत नाहीत. माय लगेच उठली.

"मग खोडा माझं नाव. मी साक्षीला बसते."

"माय, मग गाणी कुणाला?"

"तुझी तुला. वारस मेलेल्याला लागतो."

"अन् आवाज न्हाई आला तर?"

"तर तू लिही, मी तुझ्या बाजूला उभी राहून म्हणते. पर मालकीण तूच. खोडा वकीलसाहेब, बघून काय राहिलाव?"

खोडलं. खाडाखोडीवर माझी सही आहे.

स्थळ: नांदेड. दिनांक: २ मे २०१६.

सही: चांगुणा रामकिशन सोनकांबळे

साक्षीदार: ॲड. गुरुबसप्पा. सही केली.

साक्षीदार: धुरपताबाई रामकिशन सोनकांबळे. सही माझ्यासमोर केली. पोरगी शुद्धीत हाय, जरा भेलीय. सकाळी डोळे उघडंल तवा मी समोरच हाय, तिला हाक माराया लागणार न्हाई.