त्या हळू चेंडूबद्दल

अहो, ऐकताय का? नात लिहितेय, मी बोलतेय. तिचं मराठी अडखळतं आणि मला अक्षर येत नाही, तेव्हा दोघींचं मिळून होईल ते गोड मानून घ्या. काल तुमच्या जुन्या कंपनीतून फोन आला. तुमच्या नावानं येत्या शुक्रवारी इथे मस्कतजवळ रुसैलला क्रिकेट टूर्नामेंट ठेवलीये. म्हणे, "भाभी, त्यांच्या स्लो बॉलवर दोन शब्द बोला." तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. धुतलेले तांदूळ पुन्हा धुतले.

व्हिसावर तुम्ही हेल्पर. पण गोदामातली खोकी बाकीचे उचलायचे आणि उन्हं कलली की तुम्ही मैदानात. अर्बाबानं, कंपनीच्या मालकानं, तुम्हाला आणलंच होतं शुक्रवारच्या मॅचसाठी. तेव्हा, नव्वद सालच्या आसपास, बाकीच्या कंपन्यांनीही असेच आपापले बोलर पोसलेले. गावी भात कापल्यावर मळ्यात टेनिसचा चेंडू टाकणारा माणूस इथे सिमेंटवर अंथरलेल्या चटईवरून लोकांच्या दांड्या उडवायला लागला. त्या जोरावरच कामगारांच्या कॅम्पामागची खोली मिळाली, मला बोलावून घेता आलं. विकेटी घेऊन घरी असे यायचात, जसं काही मस्कत तुम्हीच वसवलंय.

मग खांदा गेला. केस विंचरायलाही हात वर जाईना, बनियन मी घालून द्यायचे. म्हटलं, "अर्बाबाला सांगा."

"सांगितलं की खलास. परवा दोघं रत्नागिरीच्या एसटीत."

"मग शुक्रवारी काय टाकणार, लिंबू?"

चिडलात. जेवला नाहीत.

त्या शुक्रवारी मी पहिल्यांदा मैदानावर आले, पाण्याच्या टाकीच्या सावलीत बायकांबरोबर बसले. तुम्ही नेहमीसारखे लांबून धावत येताय, तोच रुबाब, दात खाऊन हात वर नेताय, आणि चेंडू निघतो तो असा रमतगमत, जणू भाजी आणायला चाललाय. समोरच्यानं बॅट कधीच फिरवलेली. चेंडू सावकाश मागून गेला आणि दांडी पाडली. अर्बाब नाचायला लागला, "वा! काय युक्ती काढलीस!" तुम्ही तोंड उघडलंत का? छे! हसलात. त्या युक्तीवर पुढे कितीतरी वर्षं निघाली, मुलाची शाळा झाली. बाकीचे बोलर तुमच्याकडे शिकायला यायचे आणि तुम्ही गंभीर तोंडानं, बोटं अशी धरा, मनगट तसं ठेवा! मी आत ओढणी तोंडात कोंबून बसलेली.

नातीनं पेन थांबवलंय. "दादी, म्हणजे ती ट्रिक नव्हतीच? दादांचा शोल्डर गेलेला?"

"तू लिही."

आता माइकसमोर काय सांगू? युक्ती म्हणू, तर तुम्ही रात्रंदिवस सोसलंत ते कुणाला कळायचंच नाही. खांदा म्हणू, तर तुम्ही जपलेलं मीच उघडं पाडणार. विचारायला तुम्ही नाही, आणि असतात तरी चिडलाच असतात.

पोरगी विचारतेय, हे पाठवायचं कुठे. म्हटलं, राहू दे इथेच. शुक्रवारी मी फक्त चेंडूबद्दल बोलेन, इन्शाल्ला. कारण खरं सांगू? दांडी पडली तेव्हा, सगळं ठाऊक असून, मीही उठून टाळ्या पिटल्या. तुमचा खांदा तेवढ्यापुरता आठवलाच नाही. इतका देखणा चेंडू होता तो.