बारा मुलींचा एक जून

दिनांक : २४ नोव्हेंबर २००३

प्रति,
मा. अध्यक्ष,
वयोगट पडताळणी समिती,
ग्रामीण शालेय क्रीडा महोत्सव, नाशिक.

विषय : करवंदमाळच्या खो-खो संघास (मुली, चौदा वर्षांखालील) बाद ठरवल्याचा निर्णय १ डिसेंबरपूर्वी मागे घेणेबाबत.

संदर्भ : आपले दि. १८ नोव्हेंबरचे पत्र. जावक क्रमांकाची जागा कोरी असल्याने क्रमांक देता येत नाही.

महोदय,

१. अर्जदार गोरक्ष सहादू बोडके हा माध्यमिक विद्यालय, करवंदमाळ, ता. पेठ येथे क्रीडाशिक्षक आहे. भूगोल, मतदारयाद्या आणि पोलिओचे डोसही त्याच्याच गळ्यात आहेत. त्याच्या बारा मुलींनी १६ नोव्हेंबरला जिल्ह्याचा अंतिम सामना एक डाव राखून जिंकला. दोन दिवसांनी आपले पत्र आले. बाराही खेळाडूंची जन्मतारीख १ जून असणे "निसर्गनियमास धरून नाही", सबब दाखले बनावट समजून संघ बाद, आणि १ डिसेंबरपासूनच्या राज्य स्पर्धेस उपविजेता संघ जाईल, असे त्यात नमूद आहे.

२. निसर्गनियमाविषयी खुलासा असा की, आमच्याकडे बाळंतपण घरीच होते आणि नोंद करायला ग्रामसेवक आधी सापडावा लागतो. सहा वर्षांनी आई मुलीला शाळेत आणते. गुरुजी विचारतात, कधीची? आई सांगते, भाताच्या लावणीतली. मग गुरुजी मुलीला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावतात. कान हाताला लागला की सहा वर्षे पूर्ण आणि तारीख १ जून, म्हणजे प्रवेशाला अडचण नको. यात लबाडी नाही, आळस आहे, आणि तो सरकारी आहे. अर्जदाराचा स्वतःचा जन्मही असाच कान धरून १ जूनला झाला. त्या तारखेवर सरकारने त्याला नोकरी दिली, तेव्हा निसर्ग आड आला नाही.

३. या पत्रावर आम्ही हरकत घेतल्यावर २१ नोव्हेंबरला झालेल्या सुनावणीत आपण मुलींना वाढदिवस विचारला. बाराही जणी एका सुरात "एक जून!" म्हणाल्या, त्यावर आपण "पढवलेले उत्तर" असा शेरा मारला. वस्तुस्थिती अशी की, शाळा उघडली की आम्ही सगळ्यांचा वाढदिवस एकदमच करतो आणि गूळ-शेंगदाणे वाटतो. मुलींना वाटले, साहेबही काहीतरी वाटणार.

४. संघनायिका पल्लवी हिची आई ठमाबाई दिंडोरीकडे द्राक्षबागेत मजुरीला असते. दिवसाची मजुरी बुडवून ती सुनावणीला आली. तिचा जबाब असा : "लावणी चालली व्हती सायेब, लय पाऊस. मी बांधावर टेकले आन् ही झाली. तारीख इचारायला तिथं कोन व्हतं?" आपण कागदावर "साक्षीदार निरक्षर" एवढेच लिहिले आणि शिपायाला दार उघडायला सांगितले. ती बाई हात जोडून बाहेर गेली. अर्जदाराला त्या दालनात बसल्याची लाज वाटली.

५. बाहेर आपल्या लिपिकाने अर्जदाराला बाजूला घेऊन चहा मागवला आणि सल्ला दिला. "बोडके सर, कशाला डोकं लावता? वेगवेगळ्या तारखांचे दाखले करून आणा. कुणी जानेवारी, कुणी मार्च. उद्या पास करून देतो." म्हणजे खरे दाखले खोटे ठरले, आता खोटे आणले की खरे ठरणार! अर्जदाराला शिसारी आली. त्याने समोरचा चहा तसाच ठेवला.

६. उपविजेत्या संघाविषयी बोलणे अर्जदारास शोभत नाही, तरी बोलतो. सामन्याआधी त्यांच्या एका खेळाडूने गळ्यातले मंगळसूत्र काढून आमच्या पल्लवीकडे सांभाळायला दिले. तिचे तान्हे मूल मैदानाबाहेर तिची नणंद खेळवत होती. या खेळाडूचे वय दाखल्यावर तेरा वर्षे, जन्मतारीख ९ ऑक्टोबर. बाकीच्या अकराजणींच्याही तारखा एकीसारखी दुसरीची नाही. हे सर्व निसर्गनियमास धरून असल्याचे आपल्या सहीने प्रमाणित झाले आहे.

७. आपल्या दालनाबाहेर निरोप समारंभाची सूचना लावलेली आहे. समितीतील चारपैकी तीन सदस्य येत्या ३१ मे रोजी एकाच दिवशी सेवानिवृत्त होत आहेत. ३१ मे रोजी कोणत्या जन्मतारखेचा माणूस निवृत्त होतो, हे सरकारी नोकराला सांगावे लागत नाही. त्या तिघांत पहिले नाव कोणाचे आहे, ते शिष्टाचारास्तव येथे लिहिलेले नाही.

८. पल्लवी या वयोगटात यंदापुरतीच आहे. राज्य स्पर्धेतून निवड झाली तर तिला क्रीडा वसतिगृहात जागा आहे. नाही झाली तर ठमाबाई तिला जानेवारीत बागेवर नेणार. शाळेतून मजुरीला गेलेली मुलगी परत वर्गात बसलेली अर्जदाराने चौदा वर्षांच्या नोकरीत पाहिलेली नाही.

९. शनिवारी सरावानंतर पल्लवी अर्जदाराकडे आली आणि म्हणाली, "सर, सायेब म्हनले, एक जून खोटा हाय. मंग माझा खरा दिवस त्यान्ला ठाव आसंल. इचारा ना." ती चेष्टा करत नव्हती. आजवर कोणी तिला तिचा वाढदिवस सांगू शकलेले नाही. साहेबांना माहीत आहे, अशी तिची समजूत झाली आहे. अर्जदाराने मान फिरवली आणि तो मैदानावरचे खो-खोचे खांब उपटायला लागला.

सबब निर्णय मागे घ्यावा. ते जमत नसेल, तर पल्लवीची खरी जन्मतारीख तेवढी लेखी कळवावी.

नियमाप्रमाणे आपला नम्र,
गोरक्ष सहादू बोडके
क्रीडाशिक्षक, करवंदमाळ

सोबत :
ठमाबाईचा जबाब, अंगठ्यासह.
उत्तरासाठी तिकीट लावलेले पाकीट. पत्ता पल्लवीने स्वतः लिहिला आहे.