राक्षसाच्या छातीवरचा पाय

२१ ऑगस्ट १९५५, पेण
माझी आरामखुर्ची गेली! आळीच्या गणेश मंडळाने बैठकांसाठी उचलली — अध्यक्ष म्हणून परवानगी मीच दिली म्हणे. हिटलरने पोलंड घेतलं तेव्हा जग खवळलं. माझ्या खुर्चीसाठी कोण खवळणार? पाटावर बसून लिहितो आहे. कंबर निषेध नोंदवते आहे.

२३ ऑगस्ट
आज बैठक आमच्याच ओटीवर — खुर्ची मात्र मंडळाच्या खोलीत!

यंदाचा देखावा: नाझी राक्षसाचा पाडाव. राक्षस आडवा, इंग्रज, रशियन, अमेरिकन शिपाई उभे. छातीवर पाय कोणाचा? पेटलं युद्ध. मोरोपंत मास्तर — 'वर्षभर इंग्रज एकटा झुंजला!' दत्तात्रेय वकील — 'आणि रशियाची गावंच्या गावं जळाली ती?' मी तेल ओतलं — 'अमेरिकेचा माल नसता तर दोघंही उपाशी लढले असते.' मूर्तिकार महिपती कंटाळला — 'पाय एक, बूट तीन. लवकर ठरवा, शाडू सुकतोय!'

आमची सौ. वत्सला चहा घेऊन आली. कपबश्या ठेवल्या. म्हणाली, 'आमच्या रघूचा पाय कुणाच्या बुटात धरलात?'

मोरोपंत चाचरले — 'वहिनी, आपले लोक... म्हणजे इंग्रजांतच आले.' ती आत गेली. चहा कोणी प्यायलं नाही.

२४ ऑगस्ट
कालच्या कपबश्या वत्सलेच्या हातून घेऊन मीच विसळल्या. माझ्यासारख्याला हे जड जातं.

२६ ऑगस्ट
रघुनाथ तिचा धाकटा भाऊ, रोह्याचा. मराठा पलटणीत होता. चव्वेचाळीस साली इटलीत पडला. आमच्या लग्नात कानपिळीला तोच — रजेवर आला होता. कान असा पिळला की भटजींचे मंत्र ऐकू येईनात! कान पिळण्याच्या मानाचं उपरणं पुढे केलं तर म्हणाला, 'राहू दे भावोजी, पलटणीत कुठे मिरवू? परत आलो की घेईन.'

उपरणं अजून पेटीत आहे. इतकी वर्षं दोघांपैकी कोणीच ते हलवलं नाही.

२७ ऑगस्ट
अध्यक्षांचा हुकूम सुनावला — छातीवर पाय कोणाचाच नको. चौथा शिपाई हवा, मराठा पलटणीचा. चौघेही बोडके, माना खाली. मोरोपंत म्हणाले, 'मग जिंकलं कोण ते कळणार कसं?' महिपती म्हणाला, 'राक्षस पडलाय न्हवं? झालं मग.'

खुर्ची परत आली. बसवेना.

१५ सप्टेंबर
देखावा मांडला. वत्सलेने पेटी उघडून दिली. मांडवात कोणी नव्हतं. चौथ्याच्या खांद्यावर मी उपरणं ठेवलं.

कान त्याने तेव्हाच पिळला होता.