दाराबाहेर भिजलेला

प्रिय लामूत्सो,

तुझ्या ताईच्या लग्नात तुमच्या दाराबाहेर निथळत उभा होता, तोच मी, दुरजी. बादली तुझीच होती, तेव्हा ओळख विसरली असशील असं वाटत नाही.

खरं तर माझ्या भावासाठी नवरी आणायला माझे काका निघायचे होते. आयत्या वेळी त्यांची कंबर धरली आणि माझी वर्णी लागली. हवा होता हजरजबाबी गाणारा, मिळाला शिनिंगच्या गॅरेजातला मिस्त्री. सोबतच्या आजोबांचा घसा बसलेला. तुम्ही मुलींनी आतून कडी घातलीत, वरून पाणी ओतलंत आणि आपल्या मोंगुल भाषेत गाऊन माझी सालटी काढायला लागलात. हा वऱ्हाडी का बाजारातून पळालेला बोकड, डोक्यावर टोपी आहे का शेणाची पाटी, तोंड शिवून घेतलंय का रे आईनं? निम्मंच कळत होतं, तरी कान तापले. गाण्यानं उत्तर दिल्याशिवाय दार उघडत नाही, आणि मला एक गाणं येईल तर शपथ. नवरीशिवाय परतलो असतो, तर भावानं मला जन्मभर दारात उभं केलं नसतं.

मला आपली भाषा येते ती फक्त आईच्या रागावण्यापुरती. आई मिन्हेकडची. मी शाळेत जायला लागलो त्या वर्षी ती गेली आणि घरात चिनीच उरली. मग जे होतं तेच तुमच्या चालीवर लावलं. नाक पूस मेल्या, पाय धुतल्याशिवाय चुलीपाशी येशील तर बघ, पीठ सांडलंस ना, थांब, कान उपटते. मग तुम्ही अशा हसत सुटलात की कडी कुणी काढली तेही कळलं नाही. तू टॉवेल घेऊन आलीस आणि म्हणालीस, "ही कुठली रे मोंगुल? आमच्या हुजूकडे असं कोणी बोलत नाही." मिन्हेची, आईची, ती आता नाही, असं सांगितलं. तू टॉवेल माझ्या हातात दिलास, विचारलंस, "मग आता तुला रागावतं कोण?" आणि उत्तराला न थांबता आत गेलीस.

हिवाळाभर मी काकांकडून गाणी शिकतोय. ट्रकखाली पडून गातो, ड्रायव्हर वैतागतात. आणि वहिनी, म्हणजे तुझी ताई, परवा सांगत होती की तू तिला फोनवर विचारलंस, बोकड वाळला का? त्या दिवशी मी दोन ट्रकांचं तेल बदलायचं विसरलो.

जवाची पेरणी झाली की काका तुमच्याकडे दारूच्या बाटल्या घेऊन येतील, माझ्यासाठी. त्या दाणे भरून परत आल्या की मोठ्यांचा होकार समजेल. मला त्याआधी तुझा हवाय, म्हणून हे पत्र. तुझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलंय. मला रागावायला कोणी नाही, लामूत्सो. तू रागावशील?

तुझाच, तू म्हणशील तर,
दुरजी