कुलूप माझ्या हाती

२ जून
आजपासून चिरंजिवांच्या कंपनीत सल्लागार. टेबल अर्धे मिळाले. उरलेल्या अर्ध्यावर प्रिंटर आहे. माझ्यावाचून घरी खोळंबा होणार, तरीही सूनबाईने मन घट्ट करून माझा डबा पहाटेच भरून ठेवला होता.

३ जून
मीटिंग. एकाच प्रोग्रामवर सहा जण काम करतात. कोणी काय बदलले ते सांभाळणारे सॉफ्टवेअर, म्हणजे व्हर्जन कंट्रोल, निवडावयाचे होते. दाढीवाला प्रोग्रामर म्हणाला, प्रत्येकाला सगळ्याची प्रत देऊ, मागाहून जुळवून घेऊ. मी उभा राहिलो. कारखान्याच्या नकाशा-विभागात मी हयात घालवली ती एका नियमावर: एक नकाशा, एक माणूस. तो परत येईपर्यंत इतरांनी थांबावे. दाढीवाला पुटपुटला, मग आजोबा, आम्ही काय पत्ते कुटत बसायचं? मी म्हणालो, बसा, परंतु रांगेने.
वजन पडले.

५ जून
माझ्याच मताची निवड झाली. एकाने फाईल घेतली की इतरांना कुलूप. चिरंजीव म्हणाले, बाबा, कुलूप तुमच्या हाती. पासवर्ड केवळ मला ठाऊक. दाढीवाला हसत होता. पराभव पचविण्याची एकेकाची रीत असते.

११ जून
फाईल उभे राहून, कारण सांगून मागावी, असा नियम केला. टेस्टिंगवाली मुलगी बसल्या जागेवरून म्हणाली, आजोबा, ती बिलांची फाईल सोडा ना. नाकारली. 'आजोबा' हे पद नव्हे. ती तोंडाला रुमाल लावून बाहेर गेली. खांदे हलत होते. रडू द्यावे, शिस्त अशीच मुरते.

१६ जून
आता कोणीही फाईल मागत नाही. धाक बसला. तरी सर्वांची बोटे दिवसभर चालतात. सराव करीत असावेत.

१९ जून
ग्राहकाला काम शनिवारी सोपविण्याचे मला न विचारता ठरले. सर्व फायलींना कुलूप घालून घरी आलो. हात जोडून येतील. क्षमा दुसऱ्या विनंतीस करावी, पहिल्या नव्हे.
हे ऐकून सूनबाई डोके धरून बसली. कंपनीची काळजी तिलाही आहे.

२३ जून
कोणाचाही फोन नाही. फोन बिघडला असावा. सूनबाईकडून तपासून घेतला. बिघडलेला नाही.

२६ जून
स्वतः गेलो. काम शनिवारीच सोपवून झाले होते. माझ्या अर्ध्या टेबलावर केकचा रिकामा खोका. माझी कुलपे जशीच्या तशी. हे कसे, असे विचारले. दाढीवाला म्हणाला, आजोबा, प्रत्येकाकडे सगळ्याची प्रत पहिल्या दिवसापासून आहे. तुमचं कुलूप आम्ही टाकून दिलेल्या जुन्या प्रोग्रामला होतं. मुलगी पुन्हा रुमाल शोधू लागली. चिरंजीव संगणकावरून नजर न काढता म्हणाले, बाबा, तुमच्या सुनेला घरी जरा शांतता मिळावी म्हणून आणलं होतं तुम्हाला. आता घरीच बसा.
जुन्या प्रोग्रामला मात्र कोणी बोट लावू शकले नाही. निवड योग्यच होती.

३० जून
घरी आम्ही चौघे: मी, चिरंजीव, सूनबाई, नात. शिस्त कोणासही नाही. कपांचे कपाट कुलूपबंद केले. चहा हवा असेल त्याने उभे राहून कप मागावा. किल्ली उशीखाली.

१ जुलै
दिवसभर कोणीही मागावयास आले नाही. संध्याकाळी स्वयंपाकघरात डोकावलो. ओट्यावर नवे कप धुऊन पालथे घातले होते.
तीन.